हुंड्यात आलेल्या दोन वाड्या : एक बोर्दोची, एक आपली

ताडदेवच्या सिग्नलला बस थांबली की खिडकीतून वर बघा. टॉवर दिसतील, काचा दिसतील, क्रेन दिसेल. ताड दिसणार नाही. नावात मात्र तो अजून उभा आहे. माझगावची ताडवाडी, नारळवाडी, भंडारवाडा टेकडी यांचंही तेच. झाडं गेली, माणसं पांगली आणि पत्त्यात नाव तेवढं राहिलं.

ही झाडं नुसती सावलीची नव्हती, त्यांच्यावर एक अख्खा धंदा उभा होता. तो कसा संपला ते आज सांगायचंय. पण सुरुवात जरा लांबून करतो, थेट फ्रान्समधून. शेवटी गाडी दादरलाच येणार आहे, काळजी नको.

फ्रान्सच्या नैऋत्येला बोर्दो नावाचं शहर आहे. त्या शहराला लागून पेसाक, आणि तिथे शातो ओ-ब्रियों ही द्राक्षाची वाडी. शातो म्हणजे खरं तर गढी किंवा वाडा, पण बोर्दोकडे द्राक्षमळा, दारूचं तळघर आणि मालकाचं घर या सगळ्याला मिळून शातो म्हणतात. 1525 साली जाँ द पोंताक नावाच्या माणसाचं लग्न झालं. मुलगी लिबूर्न गावच्या मेयरची. तिच्या हुंड्यात ओ-ब्रियोंची जमीन आली. पोंताकने पुढे आजूबाजूचं विकत घेतलं आणि 1549 च्या सुमारास तिथे वाडा बांधायला घेतला. इथली लाल वाईन आज जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या वाईनमध्ये गणली जाते. एका बाटलीच्या किमतीत आपल्याकडच्या साध्या घराचा महिन्याचा किराणा सहज निघेल, वर काही उरेलही.

आता गंमत बघा. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. त्याच्या दरबारच्या 1660-61 च्या हिशेबात या वाडीच्या वाईनच्या 169 बाटल्यांची नोंद सापडते. आणि त्याच 1661 साली या चार्ल्सचं लग्न ठरलं पोर्तुगालच्या कॅथरिनशी. हुंड्यात काय आलं? आपली मुंबई.

लंडनच्या नौदल खात्यात सॅम्युअल पेप्स नावाचा कारकुनीतून वर आलेला अधिकारी होता. त्याची डायरी जगप्रसिद्ध आहे. 1663 च्या एप्रिलमध्ये एका खानावळीत ओ-ब्रियों चाखली, चव वेगळीच होती, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याच वर्षीच्या डायरीत तो वैतागून असंही लिहितो की मुंबईच्या बाबतीत पोर्तुगीजांनी आपल्याला गंडवलं, कारण तिथला गव्हर्नर बेट ताब्यातच देईना! ते बेट इंग्रजांच्या हाती आलं 1665 मध्ये. 1668 ला राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

म्हणजे एकाच राजाच्या टेबलावर हुंड्यातल्या वाडीची वाईन, आणि त्याच राजाच्या पदरात हुंड्यातलं बेट. दोन्हीकडे लोक आपल्या मातीतलं पेय काढत होते. तिथे द्राक्षाचं, इथे माडाचं. पुढच्या साडेतीनशे वर्षांत एकाचं काय झालं आणि दुसऱ्याचं काय झालं, ते सांगण्यासाठी हा एवढा प्रपंच.

मुंबई तेव्हा शहर नव्हतं. सात बेटं, मध्ये खाड्या, भातखाचरं, मासेमारी आणि माड. माहीम, दादर, परळ, माझगाव, गिरगाव हा सगळा पट्टा वाड्यांचा. पोर्तुगीज बागेला 'ओर्ता' म्हणत, आणि इंग्रजांच्या दप्तरातही पुढे दोनशे वर्षं तोच शब्द थोडा वाकडा होऊन चालला. आपण त्याला वाडी म्हणायचो किंवा भाट. गिरगावात आजही फणसवाडी, केळेवाडी, जांभूळवाडी, मुगभाट, बोरभाट आहेतच. हे पत्ते नंतरचे, आधी त्या बागा होत्या.

सोळाव्या शतकाच्या मध्यात हे मुंबई बेट एका डॉक्टरला भाड्याने दिलं होतं. गार्सिया द ओर्ता त्याचं नाव, नावातच बाग! तिकडे पोंताक वाडा बांधत होता तोच साधारण हा काळ. ओर्ताचं घर आजच्या टाऊन हॉलच्या मागे, नौदलाच्या हद्दीत होतं. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या पुस्तकात नारळाच्या झाडाची माहिती आहे आणि त्यातून निघणाऱ्या 'सुरे'चीही. म्हणजे आपल्या माडीला युरोपच्या छापील पुस्तकात जागा मिळाली ती पेप्सने ओ-ब्रियोंबद्दल लिहिलं त्याच्या शंभर वर्षं आधी.

आता माडी म्हणजे काय ते नव्या पिढीसाठी थोडक्यात. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी. नारळाची पोय उमलायच्या आधी ती बांधून घ्यायची, रोज हलक्या हाताने ठोकायची, टोकाला पातळ काप द्यायचा आणि खाली मडकं किंवा भोपळा बांधायचा. थेंब थेंब रस जमतो. हे काम रोजचं, सकाळ-संध्याकाळ, पन्नास-साठ फूट वर, पायाला दोरी आणि कमरेला कोयता. काप जाड गेला तर पोय फुकट, पातळ गेला तर रस नाही. हे हाताचं ज्ञान आहे, वहीत मावणारं नाही.

पहाटे उतरवला तो रस म्हणजे नीरा, गोड. ऊन चढलं की हवेतलं यीस्ट कामाला लागतं आणि दुपारपर्यंत त्याची माडी होते. त्यात दारूचं प्रमाण साधारण चार ते सहा टक्के, म्हणजे बिअरच्या आसपास. वाईनचं बारा-तेरा टक्के असतं. दुसऱ्या दिवशी माडी आंबट आणि नंतर चक्क शिरका. तो शिरकाही वापरात होता. गोव्याच्या पाववाल्यांनी तर पाव फुगवायला माडीच वापरली. आपल्या ईस्ट इंडियन मंडळींच्या फुगियांच्या पिठातही पूर्वी तीच असायची. आज आपण ज्या पावावर जगतो त्याच्या खानदानात माडी आहे म्हणा ना!

इथेच दोन्ही पेयांतला खरा फरक कळतो. द्राक्षाची वाईन लाकडी पिंपात टिकते, बोटीत बसते, लंडनला जाते, वीस वर्षं तळघरात झोपून आणखी महाग होते. पोंताक घराण्याने हे बरोबर ओळखलं. 1666 च्या आगीनंतर त्यांच्या मुलाने लंडनमध्ये स्वतःची खानावळच काढली आणि वाईन आपल्या वाडीच्या नावाने विकली. माडी उतरवली त्याच दिवशी, त्याच गावात संपवायची. तिला वय नाही, परदेश नाही, बाटलीवर नाव नाही. त्यामुळे तिचा मालक कधी श्रीमंत झाला नाही. एवढा भाग निसर्गाचा, तो मान्य करायलाच हवा. पण पुढचा भाग निसर्गाचा नाही.

ही माडी काढणारे कोण? भंडारी. आणि भंडारी म्हणजे फक्त माडावर चढणारा असं समजू नका. शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होता. गेराल्ड ऑंजियर मुंबईचा गव्हर्नर असताना, म्हणजे 1669 ते 1677 या काळात, बेटाच्या राखणीला जी शिबंदी उभी केली त्यात भंडाऱ्यांचा मोठा भरणा होता. मुंबई पोलिसांचा इतिहास सांगताना सुरुवात तिथूनच करतात. म्हणजे ज्याच्या हाती कोयता त्याच्याच भरवशावर कंपनी सरकार रात्री झोपत होतं.

कर तेव्हाही होता, मक्तेही होते. पोर्तुगीजांनी घेतले, इंग्रजांनी घेतले. पण झाड, माणूस आणि गिऱ्हाईक एकाच आळीत होते. धंदा तगला.

आता 1855 कडे या. पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारला बोर्दोच्या वाईन मांडायच्या होत्या, म्हणून तिथल्या दलालांनी लाल वाईनच्या वाड्यांची प्रतवारी करून दिली. पाच वर्ग. पहिल्या वर्गात चारच नावं: लाफीत, लातूर (आपलं नव्हे!), मार्गो आणि ओ-ब्रियों. लक्षात घ्या, ही काही ऋषिमुनींनी दिलेली यादी नव्हती. कोणाचा माल बाजारात किती भावाला जातो एवढंच दलालांनी बघितलं. पण एकदा कागदावर आलं आणि सरकारी छत्र मिळालं की झालं. तेव्हापासून आजपर्यंत पहिल्या वर्गात एकाच नावाची भर पडलीय, 1973 मध्ये मुतों रोथशिल्डची. एका कागदाने त्या वाड्यांची पत शे-दीडशे वर्षं राखली. पुढे 1935 मध्ये फ्रान्सने कायदाच केला, की कुठल्या गावचं नाव कुठल्या वाईनला लावायचं ते ठरलेलं असेल.

त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? 1853 ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. 1854 ला कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 पासून ती चालू झाली. कुठे? ताडदेवला. ताडांच्या शेजारी चिमणी उभी राहिली. मग परळ, लालबाग, भायखळा करत गिरणगाव पसरलं. गिऱ्हाईक वाढलं. बारा-चौदा तास साच्यावर उभा राहिलेला कामगार संध्याकाळी दोन घोट घ्यायचाच. ही संध्याकाळ सरकारच्या नजरेत भरली.

1878 ला मुंबईचा अबकारी कायदा आला. आपल्या गोष्टीतला हा दुसरा कागद. या कायद्याने झाडागणिक कर बसवला. परवाना नसेल तर स्वतःच्या वाडीतल्या स्वतःच्या माडाला काप देणंही गुन्हा. घरगुती भट्ट्या बंद, मोठ्या भट्ट्या आणि त्यांचे कंत्राटदार सुरू. पलीकडच्या किनाऱ्यावर उरणला मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्याच, त्यांचा माल शहरात येई. तो टिकणारा, मोजता येणारा, त्यामुळे कर लावायला सोपा. माडी रोज सकाळी हजार झाडांवरून उतरणार, ती मोजणार कशी? सरकारला मोजता येईल अशी दारू हवी होती. ज्याचा हिशेब सोपा तो धंदा टिकला, ज्याचा अवघड तो गुदमरला. अबकारी पुढे मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या खालोखालचं उत्पन्न होऊन बसली.

या सगळ्या काळात साहेबाच्या टेबलावर काय होतं म्हणाल तर बोर्दोचीच लाल वाईन. इंग्रज तिला क्लॅरेट म्हणत आणि त्यांचे इथले नोकर 'लाल शराब'. तो शब्द इंग्रजांच्या हिंदुस्थानी शब्दकोशातसुद्धा गेला. गव्हर्नरचा बंगला तेव्हा परळला होता, जिथे आज हाफकिन संस्था आहे. बंगल्यातली ती लाल शराब प्रतिष्ठित, आणि कुंपणाबाहेरच्या माडावरची माडी परवान्याची बाब.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर कोणी म्हणेल हा दारूचा प्रचार चाललाय. दारूने आपल्याकडची घरं उद्ध्वस्त केली आहेत. गिरणगावात पगाराच्या दिवशी गेटवर उभ्या राहणाऱ्या बायका उगाच उभ्या राहत नव्हत्या. 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी दारूच्या गुत्त्यांविरुद्ध पत्र लिहिलं. 1908 ला टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात गुत्त्यांसमोर निदर्शनं केली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नीट बघितलं तर फुल्यांचा राग सरकारच्या उत्पन्नासाठी वाढवलेल्या गुत्त्यांवर होता. माणूस बुडाला तरी चालेल, अबकारी बुडायला नको, हे धोरण त्यांना दिसत होतं.

मग जमीन गेली. 1896 चा प्लेग आला, 1898 ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्ती फोडायची आणि उत्तरेला मोकळी, हवेशीर नगरं वसवायची असं ठरलं. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क हे आपले लाडके भाग असे उभे राहिले. आपण सगळे त्या चांगल्या रस्त्यांचे लाभार्थी आहोत, तक्रार कशी करणार? पण ते रस्ते वाड्यांवरून आणि शेतांवरून गेले, हेही खरं.

इथे परत बोर्दोकडे वळून बघावंसं वाटतं. तिकडेही शहर वाढलंच. ओ-ब्रियोंच्या भोवती आज घरं आहेत, रस्ते आहेत, वाहतूक आहे. पण मध्ये साधारण 50 हेक्टरची वाडी शाबूत आहे. आपल्या हिशेबात शिवाजी पार्कची चारेक मैदानं! बिल्डरला ती जागा नको असेल असं नाही. पण नावाला किंमत आली की जमिनीला संरक्षण येतं. आपल्या वाड्यांच्या नावाला किंमत नव्हती, म्हणून जमिनीलाच किंमत आली.

शेवटचा घाव आपल्याच लोकांनी घातला. 1 ऑगस्ट 1939 ला खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. ती फार टिकली नाही. मग मोरारजीभाईंच्या काळात 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून राज्यभर संपूर्ण बंदी. हेतू चांगला होता. नीरेला त्यात सूट होती आणि रेल्वे स्टेशनांवर नीरा केंद्रं आली. दादरला गाडी पकडायच्या आधी गारेगार नीरेचा ग्लास, हे अनेक ज्येष्ठांना आठवत असेल. पण माडी गेली, तिच्या जागी काय आलं? हातभट्टी. गुळाचं पाणी, नवसागर, गटाराशेजारी पुरलेले डबे. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली, पण हातभट्टी राहिलीच. 2004 ला विक्रोळी, 2015 ला मालाडचं मालवणी. मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली, आणि ती सगळी गरिबांची. आज ताडीच्या नावाने क्लोरल हायड्रेट मिसळलेलं पाणी विकल्याच्या बातम्या येतात ते वेगळंच. झाड नाही पण ताडी आहे, असला चमत्कार!

आणि द्राक्ष? त्याला आपल्याच सरकारने पायघड्या घातल्या. 2001 चं महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरण बघा. राज्यात पिकलेल्या द्राक्षाच्या वाईनला अबकारी माफी मिळाली. नाशिकला वायनरी उभ्या राहिल्या, 'नाशिक व्हॅली' नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, लोक रविवारी गाड्या काढून चाखायला जाऊ लागले. 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने वाईन सुपरमार्केटमध्ये विकायची परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतं ना? वाईन म्हणजे दारू की शेतमाल, यावर आठवडाभर टीव्ही तापले. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. शेतकऱ्याचं भलं, हा सरकारचा मुद्दा होता. त्या सगळ्या गोंगाटात माडाचा शेतकरी कोणालाच आठवला नाही. बागायतदार तोही आहे. कोकणात आजही आहे.

नाशिकच्या द्राक्षवाल्याला मिळालं ते मिळूच नये असं माझं म्हणणं नाही. मिळू दे. प्रश्न एवढाच, की 1878 मध्ये साहेबाने लावलेला मापदंड आपण 2022 मध्येही तसाच का वापरतो? काचेच्या ग्लासातलं ते संस्कृती, मडक्यातलं ते व्यसन? शेजारच्या गोव्याने काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि 2016 ला तिला राज्याचं वारसा पेय म्हणून मान्यता दिली. फेणी काही कमी चढते असं नाही. पण आपलं ते आपलं म्हणायला त्यांना लाज वाटली नाही.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. राज्याचं पुढचं धोरण ठरेल तेव्हा द्राक्षाच्या शेजारी नीरा आणि माडीची ओळ असावी, भेसळीवर कडक आणि खऱ्या झाडावर चढणाऱ्यावर सौम्य. दुसरं, गिरगाव-दादरमध्ये पुनर्विकासात वाड्यांची नावं जाऊन त्यांची 'हाइट्स' आणि 'रेसिडेन्सी' होतायत, ती नावं निदान फाटकावरच्या पाटीवर राहावीत. पाटी लावायला पालिकेची परवानगी लागत असेल, पण सोसायटीच्या सभेत विषय मांडायला लागत नाही.

भंडारी समाजाने स्वतःपुरतं नाव राखलं. दादरला गोखले रोडवर कित्ते भंडारी सभागृह आहे, कित्येकांची लग्नं तिथे लागली. शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीवर भागोजी कीर यांचं नाव आहे. रत्नागिरीहून आलेला हा भंडारी माणूस कंत्राटदार झाला, त्याने जागा दिली आणि रत्नागिरीत 1931 साली सर्वांसाठी खुलं पतितपावन मंदिर बांधलं. अख्ख्या दादरचा शेवटचा प्रवास भंडाऱ्याच्या दातृत्वावरून जातो. पण ज्या कसबावर या समाजाची कित्येक पिढ्यांची चूल पेटली, त्या कसबाची नोंद या शहरात कुठे आहे?

ओ-ब्रियोंची वाडी हुंड्यात आली, ती अजून आपल्या नावाने उभी आहे. मुंबईही हुंड्यात गेली, पण तिच्या वाड्यांचं नाव राखायचं काम दलालांचंही नव्हतं आणि सम्राटाचंही. ते आपलंच होतं, आणि अजून आहे.

तुमच्या घरात कोणी माडावर चढणारे आजोबा-पणजोबा होते का? कोयत्याला, मडक्याला, दोरीला घरात काय शब्द होते? तुमच्या वाडीचं नाव कशावरून पडलं? माहीत असेल तर इथेच लिहा. माहीत नसेल तर आज रात्री जेवताना घरातल्या मोठ्यांना विचारा. उद्या विचारायला ते असतीलच असं नाही.